न्याहारीच्या वाटीतला सिंह

माझा नातू चार वर्षांचा. नगरला सावेडीत आमच्याजवळच राहतो. सकाळी आजीने दुधात भाकरी कुस्करून पुढे ठेवली की मान फिरवतो. त्याला खोक्यातलीच चॉकलेटी न्याहारी हवी. "का रे?" म्हटले, तर म्हणाला, "आबा, तो माझा मित्र आहे ना!" मित्र म्हणजे खोक्यावरचा प्राणी. चव नंतर कळली. ओळख आधी टीव्हीवर झाली.

ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेत १९६४ साली 'लायनस द लायनहार्टेड' नावाची कार्टून मालिका सुरू झाली. तिचा नायक लायनस हा सिंह आणि त्याचा सोबती शुगर बेअर हे अस्वल, दोघेही मूळचे पोस्ट कंपनीच्या न्याहारीच्या पाकिटांवरचे. गोष्टीत तेच आणि मधल्या जाहिरातीतही तेच. बुवांनी कीर्तन थांबवून त्याच सुरात पेढे विकायला लागावे, तसला प्रकार! मोठी माणसे उठून जातील. पण गोष्ट कुठे संपली आणि विक्री कुठे सुरू झाली, हे चार-पाच वर्षांच्या मुलाला उमगत नाही.

तिथल्या दळणवळण आयोगाकडे १९६९ मध्ये 'हॉट व्हील्स' या खेळण्यातल्या गाड्यांवरील मालिकेबद्दल तक्रार गेली. ती केली होती एका प्रतिस्पर्धी खेळणी कंपनीने! कार्यक्रम म्हणजेच लांबलचक जाहिरात, हा आक्षेप आयोगाला पटला. त्याच वर्षी लायनसही पडद्यावरून गेला. पुढे १९७४ मध्ये, मालिकेतल्या पात्राने आपल्याच कार्यक्रमात माल विकू नये, असे धोरण ठरले. १९८४ मध्ये मात्र जाहिरातींच्या वेळेवरची बंधने सैल झाली आणि खेळण्यांवर बेतलेल्या मालिकांचे पीक आले. आपल्या दूरदर्शनवर मुलांनी डोळे विस्फारून पाहिलेला 'ही-मॅन' हाही आधी खेळणे होता, मग कार्टून.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे बोधचिन्हे नव्हती का? होती की. आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली एशियन पेंट्ससाठी काढलेला गट्टू आठवा. पण गट्टू रंग विकायचा, तो मोठ्यांना. आणि तो रंग विकतोय हे मोठ्यांना ठाऊक असायचे. फरक आहे तो इथेच.

भारतात २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मुलांच्या भाबडेपणाचा गैरफायदा घेणारी जाहिरात चालत नाही. चिप्स, शीतपेये यांसारख्या पदार्थांची जाहिरात मुलांच्या कार्यक्रमात करण्यासही मनाई आहे. नियम चांगलेच आहेत. पण खोके तर आपल्याच घरात, जेवणाच्या टेबलावर असते. तिथे आयोग येणार नाही, आपणच हवे.

म्हणून आम्ही एक खेळ सुरू केला आहे. टीव्हीवर काही लागले की मी विचारतो, "हा गोष्ट सांगतोय की काही विकतोय?" परवा खोक्यावरच्या प्राण्याकडे बघत नातवाने विचारले, "मग हा माझा मित्र नाही?"

मी म्हणालो, "मित्र असू दे. पण तो दुकानात नोकरीला आहे, बाळा."

त्याने थोडा विचार केला आणि भाकरीची वाटी पुढे ओढली. अर्धीच संपवली, पण त्या दिवशी खोके मागितले नाही.