‘पॉवर फेल’चा अलर्ट आला, आता आधी काय बघायचं?

बॅटरी 20 टक्क्यांवर आली की तुमचा फोन ओरडतो ना? नेटवर्कची यंत्रंही ओरडतात, फक्त तो ओरडा दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर येतो. माझगावात डॉकयार्ड रोड स्टेशनजवळच्या एका ऑफिसचं नेटवर्क मी सांभाळतो, म्हणून तो माझ्या फोनवर येतो. खालच्या मजल्यावरच्या दवाखान्याचं नेटही आमच्याच स्विचवर आहे, त्यामुळे ‘उद्या बघू’ चालत नाही.

स्विच, यूपीएस यांच्यात व्होल्टेज, करंट आणि वॅट मोजणारे सेन्सर असतात. मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर एसएनएमपी नावाच्या पद्धतीने हे आकडे दर काही मिनिटांनी विचारून घेतं. मर्यादा ओलांडली की अलर्ट.

पण अलर्ट फक्त आकडा सांगतो, कारण नाही. कारण शोधायला शेजारचा आकडा बघायचा. यूपीएसला येणारी वीज 230 व्होल्टच्या आसपास हवी. तिथे शून्य असेल तर लाइट गेलीय. तिथे सगळं ठीक, पण स्विचच्या दोन पॉवर सप्लायपैकी एक शून्य वॅट दाखवतोय आणि दुसऱ्यावरचा भार दुप्पट झालाय? मग तो सप्लाय किंवा त्याची वायर गेली. माझ्या मते सगळ्यात फसवा अलर्ट हाच, कारण नेट चालूच असतं आणि कुणी तक्रार करत नाही. दुसरा सप्लाय गेला की मग सगळंच बंद. आमच्याकडे एकदा कारण निघालं ड्रिल मशीन! कुणीतरी ते लावायला प्लग काढला होता. आणि एकच सप्लाय असलेला स्विच ‘शून्य व्होल्ट’ असं उत्तर देत असेल, तर शून्य व्होल्टवर तो बोलतोय कसा? तिथे सेन्सरवरच संशय घ्या.

लाइट गेली असेल तर पुढचा प्रश्न: किती मिनिटं हातात आहेत? 12 व्होल्ट, 7 अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे 84 वॅट-अवर. राउटर आणि फायबरचा डबा मिळून 20 वॅट खात असतील तर कागदावर चार तास, प्रत्यक्षात बरेच कमी. त्याच बॅटरीवर 200 वॅटचा सर्व्हर असेल तर काही मिनिटांचाच खेळ. म्हणून आधी सर्व्हर नीट शटडाउन करायचा, राउटर आणि स्विच शेवटपर्यंत जगवायचे.

लाइट लगेच येईल हे गृहीत धरू नका. 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. दक्षिण मुंबईत वीज बेस्ट देते, पण बिघाड शहराबाहेरच्या ग्रिडमध्ये होता. वीज टप्प्याटप्प्याने परत यायला काही तास लागले. पंधरा मिनिटांच्या यूपीएसचं अशा वेळी काय होणार!

व्होल्टेज मर्यादेच्या आसपास नाचत असेल तर अलर्टचा पाऊस पडतो. वैतागून म्यूट करू नका. ‘सलग एक मिनिट कमी राहिलं तरच कळव’ असं सेट करा.

यूपीएसच्या स्क्रीनवरच्या मिनिटांवरही फार भरवसा नको, बॅटरी म्हातारी होते तसा तो अंदाज चुकतो. रविवारी सर्व्हर बंद करून, दवाखान्यालाही आधी सांगून मी मेनचा प्लग काढला आणि फोनवर स्टॉपवॉच लावलं. स्क्रीन म्हणत होती 40 मिनिटं. यूपीएस अकराव्या मिनिटाला बंद पडला. सोमवारी नवी बॅटरी मागवली.