धार बघा

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 अंशांच्या पुढे जातो. अशा दिवसांत पोरगं लघवी करताना रडलं, की घरात पहिलं निदान होतं ते उन्हाळी लागल्याचं. आजी धणे-जिऱ्याचं पाणी देते, सब्जा भिजत घालते. बहुतेकांना बरंही वाटतं. पण काही थोड्या मुलांचं दुखणं उन्हातून नव्हे, आईच्या पोटातूनच आलेलं असतं.

मूत्राशयाच्या तोंडाखाली, मूत्रमार्गाच्या सुरुवातीलाच पातळ पडद्याची एक घडी राहून जाते. डॉक्टर तिला ‘पोस्टेरिअर युरेथ्रल व्हॉल्व्ह’ म्हणतात. साधारण पाच ते आठ हजार मुलग्यांमागे एकाला ती असते, मुलींना नाही. घडी नाजूक, पण करामत थक्क करणारी. लघवी बाहेर निघाली की ती शिडासारखी फुगते आणि वाट अडवते. बाहेरून कॅथेटर घातला तर मुकाट बाजूला सरते! म्हणून नळी सहज गेली याचा अर्थ अडथळा नाही, असा होत नाही. तिला पकडायचं तर मूत्राशयात औषध भरून, मूल प्रत्यक्ष लघवी करत असतानाच एक्स-रे काढावा लागतो. ह्यू हॅम्प्टन यंग या अमेरिकन शल्यविशारदांनी 1919 मध्ये सहकाऱ्यांसह या पडद्यांचे प्रकार मांडले.

गर्भाभोवतीचं पाणी चौथ्या-पाचव्या महिन्यापासून मुख्यतः बाळाची लघवीच असते, आणि त्या पाण्यावर त्याच्या फुप्फुसांची वाढ अवलंबून असते. अडथळा मोठा असेल तर पाणी घटतं, सोनोग्राफीत फुगलेलं मूत्राशय दिसतं. अडथळा सौम्य असला तर मात्र तपासणी निर्दोष निघते आणि मूल शाळेत जायला लागेपर्यंत कुणाला शंकाही येत नाही.

सगळ्यात चकवणारी गोष्ट पुढेच आहे. वाट अडली तर लघवी कमी व्हायला हवी ना? कित्येक मुलांत उलट घडतं. दाब मागे मूत्रपिंडापर्यंत पोचतो आणि लघवी दाट करण्याची त्यांची ताकद जाते. मूल घटाघटा पाणी पितं, भरपूर लघवी करतं, रात्री अंथरूण ओलं करतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात तहानेची शंका कोण घेणार? ‘लघवी तर चांगली होतेय की,’ म्हणून आई निश्चिंत राहते. मला वाटतं, किती होते यापेक्षा कशी होते ते बघावं. धार बारीक आहे का, पोरगं कुंथतंय का, दिवसाही चड्डी ओली राहते का, सारखा ताप येतो का, उंची खुंटली का.

रक्ताच्या रिपोर्टमध्येही असाच चकवा. क्रिएटिनिन 1 हा आकडा धडधाकट बाप्याला शोभतो. तीन वर्षांच्या, अंगात स्नायूच कमी असलेल्या पोरात तोच आकडा मूत्रपिंडं थकल्याचं सांगतो. सोनोग्राफी आणि ही रक्ततपासणी सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्येही होते. तिथे धाराशिवकडून, सीमेपलीकडच्या विजयपूर-कलबुर्गीकडूनही माणसं येतात.

दुर्बिणीतून ती घडी छेदायला फार वेळ लागत नाही. पण वर्षानुवर्षं जोर लावून जाड, ताठर झालेलं मूत्राशय लगेच मऊ पडत नाही, आणि जवळपास एक तृतीयांश मुलांची मूत्रपिंडं पुढे निकामी होतात. म्हणून वयात येईपर्यंत आणि नंतरही तपासण्या चालू ठेवाव्या लागतात. शाळेतल्या बाईंनाही सांगून ठेवावं लागतं: लघवी लागली नसली तरी दर दोन-तीन तासांनी त्याला सोडा, आणि एकदा करून आला की पाच मिनिटांनी पुन्हा पाठवा.