टर्बो इंजिनातील इंधनाच्या दाबाचे नियमन

मोटारीच्या सुट्या भागांचा व्यवहार करणाऱ्या आमच्या सभासद बंधूंकडे अधूनमधून एक निराळे गिऱ्हाईक येते. साध्या पेट्रोल इंजिनावर मागाहून टर्बो चढविणारे हे हौशी तरुण स्क्रूने जुळविता येणारा इंधन-दाब नियंत्रक, म्हणजे रेग्युलेटर, मागतात. वस्तू विकणे सोपे. ती बसवावी कशी हे विचारल्यास दोन शब्द सांगता यावेत, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच. रस्त्यावरील गाडीत असा फेरफार करण्यास मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आड येते; सबब आमचे विवेचन शर्यतीच्या गाड्यांपुरते समजावे.

वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर चाक फिरवून हवा दाबून सिलिंडरात भरावी, ही युक्ती स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली पेटंट केली. हवा वाढली की पेट्रोलही त्या प्रमाणात वाढले पाहिजे, आणि खरी मेख येथेच आहे. इंजेक्टर ही एक सूक्ष्म तोटी होय. ती किती वेळ उघडी ठेवावयाची हे गाडीतील संगणक ठरवितो. परंतु तेवढ्या वेळात पेट्रोल किती पडेल, हे तोटीच्या दोन बाजूंच्या दाबांतील फरकावर अवलंबून असते. पुष्कळ गाड्यांत हा फरक ३ बार असतो. टर्बोने पुढून १ बार दाब आणला आणि मागचा दाब तसाच राहिला, तर फरक २ बार उरतो. प्रवाह फरकाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलत असल्याने पेट्रोल सुमारे १८ टक्के कमी पडते; आणि तेही नेमके जास्त हवे त्या क्षणी!

ही तूट रेग्युलेटर भरून काढतो. त्याच्या पडद्यावर एका बाजूने स्प्रिंग आणि बारीक नळीने आलेली मॅनिफोल्डमधील हवा, दुसऱ्या बाजूने पेट्रोल, असा तोल असतो. हवेचा दाब १ बार चढला की पेट्रोलचाही १ बार चढतो. जादा पेट्रोल परतीच्या नळीने टाकीत जाते.

तराजूचा पासंग पाहताना आपण दोन्ही पारडी रिकामी ठेवतो. येथेही तसेच. इंजिन संथ चालू असता रेग्युलेटरची हवेची नळी काढून तिचे तोंड बंद करावे, स्क्रूने दाब ३ बारवर आणावा, नट आवळावा आणि मग नळी जोडावी. जोडताच काटा अर्धा बार किंवा अधिक खाली येतो, कारण संथ चालीत मॅनिफोल्डमध्ये निर्वात असतो. नवखे मिस्त्री हे पाहून स्क्रू पुन्हा पिळतात आणि सगळा हिशेब बिघडवितात. स्क्रू पूर्ण सैल करूनही दाब उतरत नसेल, तर परतीची नळी अरुंद आहे किंवा तुंबली आहे असे समजावे.

इतके करून काम संपत नाही. दाब वाढला की पंपाचा पुरवठा घटतो. म्हणून इंजिनावर भार देऊन पाहावे. टर्बोचा दाब १ बार असता काट्याने ४ बार दाखविलेच पाहिजेत. न दाखविल्यास पंप किंवा त्याची वीज अपुरी आहे. पेट्रोलची नळी मात्र मापकासाठी बैठकीच्या जागेत कधीही आणू नये.

हवेची नळी थ्रॉटलच्या पुढे, मॅनिफोल्डवरूनच, स्वतंत्र घ्यावी. तिला दुसरी जोडणी देऊ नये. दोन्ही टोकांना क्लिप लावावी. आमच्या एका स्नेह्यांच्या मुलाने शर्यतीच्या गाडीत इतर सारे नीट बसविले होते. ही क्लिप तेवढी राहिली. भर वेगात नळी निसटली, मिश्रणात पेट्रोल कमी पडले, इंजिन ठोकू लागले, आणि खोलून पाहिले तेव्हा तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन वितळलेला होता.