कावळा, फांदी आणि बिथरलेला माऊस

गेल्या दिवाळीच्या सुट्टीनंतर अलिबाग तालुक्यातल्या एका शाळेतून संगणक शिकवणाऱ्या बाईंचा फोन आला. "सर, सुट्टीत आमच्या दहाही संगणकांची ऑपरेटिंग सिस्टिम अपडेट करून घेतली. तेव्हापासून माऊस अंगात आल्यासारखे करतायत. बाण मध्येच थबकतो, मध्येच उडी मारतो. मुख्याध्यापक म्हणतात, सगळे माऊस नवे घ्या. दुरुस्तीवाला म्हणतो, जुनी सिस्टिम परत टाका. काय करू?"

दोन्ही उपाय महागाचे होते. नव्या माऊसपायी शाळेचे किरकोळ खर्चाचे पैसे संपले असते. जुनी सिस्टिम परत टाकली, तर अपडेटबरोबर आलेल्या सुरक्षेच्या दुरुस्त्याही गेल्या असत्या आणि मुलांचे निकाल व दाखले याच संगणकांत होते. मी म्हटले, "शनिवारी येतो. तोवर काही विकत घेऊ नका, काही काढू नका. फक्त एक वही करा. कोणत्या संगणकावर, काय करताना, नेमके काय होते, एवढेच मुलांकरवी लिहून ठेवा."

आपल्याकडे म्हणतात, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. एखादी गोष्ट दुसरीच्या नंतर घडली, म्हणजे ती दुसरीमुळेच घडली असे नव्हे. हे आपल्याला पाठ असते, पण यंत्र बिघडले की आपण पहिला संशय कावळ्यावरच घेतो. संशय घेण्यात गैर काही नाही. तो तपासायचा कसा, एवढाच प्रश्न आहे.

त्यासाठी माऊस काम कसे करतो ते आधी पाहू. डग्लस एंगेलबार्ट यांनी १९६८ च्या डिसेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत माऊसचे पहिले जाहीर प्रात्यक्षिक दाखवले. त्यांच्या मूळ माऊसच्या पोटाशी दोन चाके होती. पुढे चाकांच्या जागी रबरी गोळी आली. तिच्याभोवती जमलेला मळ नखाने काढल्याचे अनेक शिक्षकांना आठवत असेल. आजच्या माऊसमध्ये गोळी नसते, 'डोळा' असतो. एक छोटा दिवा टेबलाचा पृष्ठभाग उजळतो आणि एक चिमुकला कॅमेरा त्याची सेकंदाला हजाराहून अधिक चित्रे घेतो. पृष्ठभागावरचे बारीक खडबडीतपण एका चित्रात जिथे दिसते, तिथून पुढच्या चित्रात किती सरकले, यावरून माऊस किती हलला ते ठरते. हा आकडा तारेतून किंवा रेडिओलहरींवरून संगणकाकडे जातो. संगणक साधारणपणे सेकंदाला १२५ वेळा माऊसकडे 'काय खबर?' अशी विचारणा करतो. मग ऑपरेटिंग सिस्टिम हिशेब करून पडद्यावरचा बाण हलवते.

म्हणजे ही तीन कड्यांची साखळी झाली. पहिली कडी पाहण्याची, दुसरी निरोप पोचवण्याची आणि तिसरी हिशेबाची. अपडेटचा हात मुख्यतः तिसऱ्या कडीपर्यंत आणि थोडाफार दुसरीपर्यंत पोचतो. टेबल आणि डोळा यांना तो लागत नाही.

शनिवारी गेलो तेव्हा मुलांची वही तयार होती. तिने पहिल्याच पानावर मोठे काम केले. दहा संगणक एकाच बनावटीचे होते आणि सगळ्यांचे अपडेट एकच होते, पण तक्रार फक्त तीन संगणकांवर होती. तीही तीन तऱ्हेची. एकावर बाण जागच्या जागी थरथरत होता, दुसऱ्यावर तो अडखळत चालत होता आणि तिसऱ्यावर हात जरा जोरात हलला की बाण भलतीकडे पळत होता. केवळ अपडेटच दोषी असते, तर दहाही संगणकांनी एकसारखा त्रास द्यायला हवा होता.

पहिला संगणक बाईंच्या टेबलावरचा होता. आम्ही त्याचा माऊस एका चांगल्या संगणकाच्या माऊसशी बदलला. दोष माऊसबरोबर गेला तर माऊस वाईट, जागेवरच राहिला तर संगणक वाईट, असे मुलांनी आधीच ठरवले होते. दोष जागेवरच राहिला. "म्हणजे अपडेटच!" एक मुलगा म्हणाला. पण जरा थांबा. आपण फक्त माऊस बदलला. संगणकाखेरीज आणखी काय तसेच राहिले? क्षणभर शांतता झाली. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "टेबल!" सुट्टीत बाईंच्या टेबलावर नवी काच बसली होती. स्वच्छ काचेवर डोळ्याला पकडायला खडबडीतपणच नसते. माऊसखाली एक कोरा कागद ठेवला आणि थरथर थांबली.

दुसऱ्या संगणकाला बिनतारी माऊस होता. तिथे कागदाने फरक पडला नाही. दुसरा बिनतारी माऊस लावला, तोही अडखळला. तारेचा माऊस मात्र नीट चालला. म्हणजे दोष निरोपाच्या कडीत होता. संगणकाच्या मागच्या बाजूला पाहिले, तर माऊसच्या चिमुकल्या रिसीव्हरला खेटून एक बाहेरची हार्ड डिस्क जोडलेली होती. अपडेटपूर्वी सगळ्या माहितीची प्रत घेण्यासाठी ती लावली होती आणि तशीच राहिली होती. ती काढली, माऊस सुधारला. पुन्हा जोडली, पुन्हा अडखळला. खात्रीसाठी हे तीनदा केले. यूएसबी ३.० जातीच्या वेगवान जोडणीतून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओगोंगाट बाहेर पडतो आणि बहुतेक बिनतारी माऊस नेमके याच पट्ट्यात बोलतात. इंटेल कंपनीने २०१२ मध्येच याविषयी माहिती प्रसिद्ध केली आहे. उपाय सोपा होता. एक छोटी एक्स्टेंशन वायर लावून रिसीव्हर डिस्कपासून दूर, माऊसच्या जवळ आणला.

तिसऱ्या संगणकासाठी पट्टी काढली. बाण पडद्याच्या डाव्या कडेला नेला आणि पट्टीला लावून माऊस ३ सेंटीमीटर सरकवला, एकदा सावकाश आणि एकदा झटक्याने. हाताचे अंतर तेच, पण सावकाश सरकवल्यावर बाण पडद्याच्या अर्ध्यापर्यंतही गेला नाही आणि झटक्याने सरकवल्यावर थेट उजव्या कडेला आदळला. हा बिघाड नव्हे, ही सोय आहे. हात वेगाने हलला तर बाण जास्त पळवायचा, म्हणजे थोड्या जागेत मोठा पडदा ओलांडता येतो. माऊसच्या सेटिंगमध्ये ती बंद करता येते. बंद केल्यावर दोन्ही वेळा बाण सारखाच गेला.

मग हाच संगणक का? मुलांनी उरलेल्या संगणकांवर पट्टी लावली, तर तिथेही ही सोय चालूच होती! उलगडा असा झाला की चित्रे काढणाऱ्या मुलांनी या एका संगणकावर ती पूर्वी बंद केली होती. अपडेटने सेटिंग मूळ पदावर आणले. बाकीच्या नऊ संगणकांवर काही बदललेच नव्हते, म्हणून तक्रारही नव्हती. म्हणजे तीन तक्रारींपैकी एकच खरोखर अपडेटमुळे होती. बाकी दोन अपडेटच्या वेळच्या होत्या, अपडेटच्या नव्हत्या.

निघताना बाईंनी विचारले, "मग आमचे चुकले कुठे?" उत्तर त्यांच्याच तालुक्यात होते. अलिबागची भूचुंबकीय वेधशाळा बहुतेक मुलांनी बाहेरून पाहिली होती. ती तिथे का आली, हे मात्र कोणाला ठाऊक नव्हते. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी १८४० च्या दशकापासून मुंबईत कुलाब्याला होत होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईतल्या घोड्यांच्या ट्राम विजेवर चालवायचे ठरले. रुळांतून आणि जमिनीतून वाहणाऱ्या विजेमुळे नाजूक चुंबकसूच्या बिथरल्या असत्या. म्हणून कुलाबा वेधशाळेचे संचालक नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांनी सुमारे ३० किलोमीटर दूरचे अलिबाग निवडले आणि तिथे पोरबंदरी दगडाची, चुंबकीय गुण नसलेली इमारत उभी राहिली.

आता मूस यांची खरी दक्षता पाहा. १९०४ मध्ये अलिबाग सुरू झाले म्हणून त्यांनी कुलाब्याचे काम लगेच थांबवले नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. कुलाबा आज बंद आणि अलिबाग उद्या सुरू, असे केले असते, तर आकड्यांत पडलेला फरक जागेचा, उपकरणांचा की खुद्द पृथ्वीच्या चुंबकत्वाचा, हे कधीच कळले नसते. दोन्ही सोबत चालवल्यामुळे जागेचा फरक मोजता आला आणि नोंदींची साखळी तुटली नाही. विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली, तेव्हा सगळी तयारी झालेली होती. आज भारतीय भूचुंबकत्व संस्था ही वेधशाळा चालवते.

शाळेने एकाच दिवशी दहाही संगणक बदलले. तुलनेला जुना एकही उरला नाही आणि आधीची नोंदही नव्हती. तेव्हा शिक्षकमित्रहो, पुढच्या अपडेटच्या वेळी एवढे करा. आदल्या दिवशी प्रत्येक संगणकावर पट्टीचा प्रयोग करून सेटिंगसह वहीत लिहा. आधी एकच संगणक अपडेट करा, आठवडाभर बाकीच्यांशी ताडून पाहा, मग उरलेले करा. त्याहून जास्त लांबवू नका, कारण सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबवून ठेवणे धोक्याचे असते. त्या दिवशी टेबल, जोडण्या, जागा, दुसरे काहीही हलवू नका. तरी दोष निघालाच, तर एका वेळी एकच गोष्ट बदला आणि सापडलेले कारण काढून-घालून पुन्हा तपासा.

बाईंच्या शाळेचा एकूण खर्च एक कोरा कागद आणि एक छोटी वायर एवढाच झाला. वही मात्र मुलांनी पुढे चालू ठेवली आहे. आता तिच्यात प्रोजेक्टरची तक्रार आली आहे.