चालता चालता कातलेले सूत

ओमानमध्ये निझवा, अल हमरा आणि घूल ही गावे मागे टाकून सुमारे ३००० मीटर उंचीच्या जबल शम्सकडे चढू लागले की वादी घूलची खोल दरी लागते. तिच्या काठावर काळ्या, तपकिरी, पांढऱ्या पट्ट्यांचे जाड गालिचे दगडांवर पसरून बसलेले डोंगरी पशुपालक दिसतात. त्यांना तिथे ‘शवावी’ म्हणतात. मस्कतहून सहलीला आलेली मराठी कुटुंबे घासाघीस करतात आणि ‘एवढ्याशा गालिच्याला इतके रियाल?’ म्हणून पुढे निघतात. त्या किमतीतला मोठा वाटा मागाचा नसून टकळीचा आहे.

थंड प्रदेशातील शेळीला राठ केसांच्या आत मऊ लव येते. लडाखच्या चांगथांगी शेळीची हीच लव म्हणजे पश्मिना. तिची जाडी साधारण १२ ते १६ मायक्रॉन. ओमानच्या उन्हात शेळीला या अस्तराची गरज भासत नाही, त्यामुळे हाती लागतात ते वरचे राठ केस. मेंढीची लोकर कुरळी असते, तिचे तंतू एकमेकांना धरून राहतात. शेळीचा केस सरळ आणि निसटता. त्याला पीळ अधिक द्यावा लागतो, अन्यथा धागा सुटतो. म्हणून पुष्कळदा त्यात मेंढीची लोकर मिसळतात. एकदा जमला मात्र हा धागा चिवट असतो आणि पाणी सहजी शोषत नाही. उत्तर अरबस्तानातील बदाऊंचे काळे तंबू याच केसांचे. अरबीत त्यांचे नावच ‘बैत अश-शअर’, म्हणजे केसांचे घर.

कातरलेल्या केसांतून काटे आणि माती झटकायची, ते हाताने पिंजून सैल करायचे, पेळूसारखे हातात धरायचे आणि टकळीला गिरकी द्यायची. शाळेत टकळीवर सूत काढलेल्या मराठी पिढीला ही हालचाल नवी वाटणार नाही. असे दोन धागे उलट्या दिशेने एकत्र पिळले की गालिच्याचे दुपदरी सूत तयार होते. मग जमिनीत खुंट्या ठोकून उभे धागे ताणायचे आणि विणायला बसायचे. वाळवंटात हे काम बहुधा स्त्रिया करतात, डोंगरात पुरुष.

विणणे दिवसांत संपते. त्याला पुरेल इतके सूत जमवायला त्याहून कितीतरी अधिक वेळ लागतो. पूर्वी या वेळेचा हिशेब कोणी ठेवत नसे, कारण सूत शेळ्यांमागे चालता चालताच निघे. टकळीला बैठक लागत नाही. १९७० साली साऱ्या ओमानात डांबरी रस्ता जेमतेम १० किलोमीटर होता आणि शाळा ३ होत्या. पुढे रस्ते डोंगरात पोहोचले, मुले शाळेत आणि तिथून शहरातल्या नोकरीत गेली, शेळ्यांसाठी विकतचा चारा येऊ लागला. हे सारे स्वागतार्हच. पण रानातले चालणे कमी झाले आणि त्याबरोबर फुकटात निघणारे सूतही.

महाराष्ट्राला ही गोष्ट ओळखीची आहे. दख्खनी मेंढीची लोकर धनगर स्त्रियांनी कातायची, सणगरांनी घोंगडे विणायचे, चिंचोक्याची खळ द्यायची, अशी ही साखळी होती. आज मेंढी मांसासाठी पाळली जाते आणि कातरलेली लोकर अनेकदा टाकून दिली जाते. घोंगड्याला शहरी गिऱ्हाईक मिळवून देणारे उपक्रम चांगले आहेत, मात्र कातणाऱ्या हाताला मजुरी किती, हा प्रश्न त्यांत मागे पडतो.

ओमानने २००३ मध्ये हस्तोद्योगांसाठी स्वतंत्र सार्वजनिक प्राधिकरण स्थापन केले. अशा प्रयत्नांत माग आणि विक्री यांकडे लक्ष जाणे स्वाभाविक आहे, कारण ती दिसतात. सुताची उणीव मात्र बाजार आपल्या परीने भरून काढतो: रंगीत, यंत्रावर तयार झालेला कृत्रिम धागा आणून. विणकर तोच, नक्षी तीच. शेळी तेवढी गालिच्यातून नाहीशी होते.

खरेदीपूर्वी हा फरक ओळखता येतो. शेळीच्या केसाचा गालिचा तळहाताला टोचतो आणि त्याचे सूत कुठे जाड, कुठे बारीक असते. विक्रेत्याची हरकत नसेल, तर झालरीतला एक सुटा तंतू जाळून पाहावा. केस असेल तर जळक्या केसांचाच वास येतो आणि राख बोटांत चुरडते. कृत्रिम धागा वितळून त्याचा कडक मणी होतो.