दवाखान्यात चूक झाली, तर भरपाई कुणाकडे मागायची?

1963 साली औरंगाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये एका बाळंतिणीची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. नंतर ताप चढला, पोट दुखू लागलं. पुन्हा पोट उघडलं तर आत टॉवेल राहिलेला! बाई वाचली नाही. नवऱ्याने दावा लावला. तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि 1996 मध्ये निकाल लागला: टॉवेल पोटात राहणं हाच निष्काळजीपणाचा पुरावा आहे आणि सरकारी नोकरांच्या चुकीची भरपाई सरकारने द्यायची. रक्कम 36 हजार रुपये. 33 वर्षांनी!

आपल्याकडे मय्यत झाली की घरचे म्हणतात, अल्लाहची मर्जी. सब्र करायलाच हवा. पण त्याच गडबडीत फाइल कुठे तरी पडते, आणि पुढे हक्क मागायचा म्हटलं तर हातात कागदच नसतो. म्हणून आम्ही आधी कागदांचंच सांगतो. केसपेपर, तपासण्यांचे रिपोर्ट, ऑपरेशनची नोंद, डिस्चार्ज कार्ड, बिलं, सगळ्याची प्रत लेखी अर्ज करून मागा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. भरती रुग्णाचे रेकॉर्ड डॉक्टरांनी तीन वर्षं सांभाळायचं आणि मागितल्यावर 72 तासांत द्यायचं, असा 2002 चा नियम आहे.

आज मात्र दिवाणी दाव्याखेरीज ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे. डॉक्टरी सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सुप्रीम कोर्टाने 1995 मध्येच ठरवलं. आता 2019 चा कायदा लागू आहे. भरलेलं बिल 50 लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात करायची. 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वकील दिलाच पाहिजे असं नाही. मुदत मात्र दोन वर्षांची. उशीर झाला तर आयोगाला पटेल असं कारण द्यावं लागतं, म्हणून चाळिसावा, वर्षश्राद्धासारखे दिवस मोजण्याआधी ही तारीख वहीत लिहून ठेवा.

"आमचा इलाज फुकट झाला, आमचा काय हक्क?" असं बरेच जण विचारतात. दवाखाना काहींकडून पैसे घेतो आणि काहींना मोफत बघतो, तर मोफतवालाही ग्राहकच. बिल विमा कंपनीने भरलं तरी हक्क जात नाही. जिथे सगळ्यांनाच सगळं फुकट मिळतं तिथे ग्राहक आयोग चालत नाही. तिथे दिवाणी दावा, त्या औरंगाबादच्या कुटुंबाने लावला तसा.

एक गोष्ट स्पष्टच बोलतो. रुग्ण दगावला म्हणजे डॉक्टर चुकलाच, असं कोर्ट मानत नाही. त्या जागी साधारण जाणकार डॉक्टरने जी काळजी घेतली असती ती घेतली गेली का, एवढंच तपासलं जातं. त्यासाठी बहुतेक वेळा दुसऱ्या तज्ज्ञ डॉक्टरचं मत लागतं, म्हणून फाइल आधी त्याला दाखवा. परवानगीचा मुद्दाही असतो: एका कामासाठी सही घेतली आणि जिवाला धोका नसताना दुसरंच ऑपरेशन केलं, तर तेही चूकच, असं 2008 च्या निकालात म्हटलंय.

आणि दवाखान्यात तोडफोड? त्याने केस तुमच्यावरच होते. शिवाय फाइल तिथेच राहून जाते.