पाहुण्यांनाच कर?

माझं माहेर साताऱ्याचं आणि सासर सांगलीचं. त्यामुळे महाबळेश्वर म्हणजे माहेरचं परसदार, अशी माझी लहानपणापासूनची समजूत. परसदारी जायला कुणी पैसे मोजतं का? पण २०२४ च्या भाऊबीजेनंतर आम्ही सगळी तिकडे निघालो आणि वाटेत ह्याच प्रश्नावरून मोटारीत चांगली जुंपली.

सुरुवात केली ती भाचीनं. नवरा आणि आठ वर्षांचा मुलगा ह्यांच्याबरोबर ती मे महिन्यात इटली पाहून आली होती. पाहिलं काय ते राहिलं बाजूला. मनात सलत होता तो रोमचा हिशेब. हॉटेलचं भाडं इथूनच भरलेलं. निघायच्या दिवशी काउंटरवरच्या बाईंनी आणखी ४८ युरो मागितले! तीन तारांच्या हॉटेलात माणशी, दर रात्री ६ युरो असा तिथला मुक्कामाचा कर. माणसं दोन, रात्री चार. दहा वर्षांखालच्या मुलांना माफी, म्हणून लेकरू सुटलं. आपल्या पैशांत सव्वाचार हजारांच्या पुढेच गेले.

पुढे व्हेनिस. तिथे तर मुक्कामही नव्हता. रविवारी सकाळी जाऊन रात्री परतायचं. पण २५ एप्रिल २०२४ पासून त्या शहरानं दिवसापुरत्या येणाऱ्यांनाही, गर्दीच्या ठरावीक दिवशी, ५ युरो प्रवेशशुल्क लावलेलं. गंमत म्हणजे दुपारी चारनंतर येणाऱ्याला काहीच नाही. आणि हे कळलं कधी, तर पैसे भरून झाल्यावर!

"पाहुण्यांना लुटतात नुसते!" असं ती म्हणते आहे तोच पाचगणीच्या अलीकडचा नाका आला. इथेही माणशी कर.

दादा हळूच म्हणाला, "गाडीचा नंबर एमएच ११ आहे. इथलेच आहोत म्हणून सांगू."

मागून आई म्हणाली, "साताऱ्यात राहतोस ना? मग इथे पाहुणाच की तू. माणसं मोज आणि पावती घे."

आईचं वय चौऱ्याऐंशी. तिच्यापुढे दादा अजून बोलत नाही.

मला आईचं पटलं. वेण्णा तलाव साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी १८४२ साली बांधवला. आपण त्यात नौका फिरवतो, पण गावाला प्यायला पाणी त्याचंच. सुटीत गावाच्या कितीतरी पट माणसं येतात, अंघोळी करतात, कणसं खातात, कचरा टाकून जातात. ते सारं गावच्या घरपट्टीतून कुठवर निस्तरायचं? कासच्या पठारावर फुलं तुडवली जाऊ लागली तेव्हा तिथेही शुल्क आलं, दिवसाला किती माणसं सोडायची ह्याला मर्यादा आली. त्यात मला तरी गैर वाटलं नाही. खटकतं ते एवढंच, की एकूण आकडा आधी कुणी सांगत नाही. रोम असो की आपला घाट. नाक्याचे वेगळे, मोटार उभी करायचे वेगळे, असे सुटे पैसे काढता काढता माणूस वैतागतो. घरून निघतानाच कळलं, तर पेट्रोलाशेजारी तोही खर्च मी मुकाट्यानं वहीत मांडीन.

महाबळेश्वरच्या तोंडाशी दुसरा नाका आला. दादानं काही न बोलता पाकीट काढलं. खिडकीशी आलेल्या मुलानं आत डोकावून विचारलं, "माणसं किती?"

"मोठी पाच आणि एक पोरगं," आई म्हणाली. "आणि मला म्हातारी म्हणून सोडू नकोस हो."